पोरांच्या दातांवरचे पिवळे डाग बोअरच्या पाण्यामुळे असू शकतात का?

हो, असू शकतात. तुम्ही लिहिलंय की अख्खं गाव हातपंपाचं पाणी पितं, डाग बऱ्याच पोरांना आहेत आणि कितीही घासले तरी जात नाहीत, त्यावरून मला तरी फ्लोराईडचाच, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एका क्षाराचाच संशय येतो. मी यवतमाळ जिल्ह्यातला, पांढरकवड्याकडचा, असे दात लहानपणापासून बघतोय. आधी खडूसारखे पांढरट आडवे पट्टे दिसतात, मग ते पिवळे-तपकिरी होत जातात, आणि डावीउजवीकडच्या दातांवर साधारण सारखेच असतात. खर्ऱ्याचे (तंबाखू-सुपारीचे) डाग वरवरचे, डेंटिस्टकडे जाऊन साफ करता येतात, हे मात्र दातातच मुरलेले असतात.

आसपास एकही कारखाना नाही मग पाणी खराब कसं, असं आमच्याकडेही लोक विचारतात. अहो हे फ्लोराईड खडकातूनच येतं, खोल बोअरचं पाणी वर्षानुवर्षं त्या दगडात साठून असतं ना. दिसायला काचेसारखं स्वच्छ, वास नाही काही नाही, त्यामुळे शंकाच येत नाही. फ्लोराईड लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असलं तर उत्तम, १.५ च्या वर नकोच.

दातांवर डाग पडतात ते साधारण आठ वर्षांच्या आतल्या पोरांना, कारण पक्के दात तेव्हा हिरडीत तयार होत असतात. मोठ्यांचे दात वाचतात पण फ्लोराईड खूप जास्त असेल आणि वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर मान, कंबर, गुडघे आखडतात आणि माणूस वात समजून गोळ्या खात बसतो.

पाणी उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटतं आणि फ्लोराईड तेवढंच राहतं. कॅन्डल फिल्टर, क्लोरीन, दोन्ही बिनकामाचे. आरओ चालतो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने शोधलेली तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धतही आहे, पण तुरटी किती टाकायची ते पाण्याच्या रिपोर्टवर ठरतं, अंदाजपंचे नको. नाहीतर प्यायला आणि स्वयंपाकाला दुसरं चांगलं पाणी बघा, अंघोळीला बोअरचं चालतं.

आधी पाणी तपासून घ्या, भूजल सर्वेक्षणवाल्यांच्या लॅब असतात, ग्रामपंचायतीत विचारा. शेजारच्या बोअरचा रिपोर्ट तुमच्या बोअरला लागू होत नाही बरं का, शंभर फुटांवर पाणी बदलू शकतं. आणि नमुना प्लास्टिकच्या बाटलीत न्या, काचेच्या नको, फ्लोराईडची काचेशी रिॲक्शन होऊन आकडा चुकू शकतो.