थीम पार्कमधली एक जुनी राइड दुरुस्त करायला दोन-तीन वर्षं का लागतात?

तुमचा प्रश्न टोकियो डिस्नीलँडच्या 'स्पेस माउंटन'वरून, म्हणजे इमारतीच्या आत अंधारात धावणाऱ्या रोलर कोस्टरवरून आलाय. ३१ जुलै २०२४ नंतर ती बंद, आता थेट २०२७ मध्ये उघडणार. मुलांना घेऊन जायचा बेत फसला म्हणून तुम्ही विचारताय की एवढ्या वेळात नवी राइड उभी राहिली असती, मग दुरुस्तीचं एवढं काय घेऊन बसलेत?

गंमत अशी की टोकियोत नवीच उभी राहतेय. १९८३ ची जुनी राइड काढून त्या जागी दुसरी, शिवाय भोवतालचा चौकही नवा, असं हे काम आहे; २०२२ मध्ये जाहीर केलं तेव्हा खर्च सुमारे ५६ अब्ज येन धरला होता. खऱ्या दुरुस्तीला किती वेळ लागतो हे बघायचं तर कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमच्या डिस्नीलँडकडे बघा. तिथली स्पेस माउंटन १० एप्रिल २००३ ला बंद झाली आणि १५ जुलै २००५ ला सुरू झाली. सव्वादोन वर्षं! थोडक्यात, दुरुस्ती केली म्हणून वेळ फारसा वाचत नाही.

मी राइडवाला नाही, भोसरीत वेल्डिंग तपासायचं काम करतो. पण लोखंड इथे काय, तिथे काय, एकाच रीतीने थकतं. गाडी वळणावर आली की रुळाचा पाइप किंचित वाकतो, गेली की सरळ होतो. दिवसाला हजार फेऱ्या धरून चाला. १९७७ ते २००३ या २६ वर्षांत आकडा नव्वद लाखांच्या पुढे जातो. पाइपाच्या मधल्या भागाला त्याचं फारसं काही होत नाही. पाइप जिथे आडव्या पट्टीला वेल्ड केलेला असतो तिथे, वेल्डच्या अगदी कडेला, बारीक क्रॅक धरतो आणि सुरुवातीला तो नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही.

तो शोधायला आमच्याकडे डीपी, म्हणजे 'डाय पेनिट्रंट' चाचणी, मारतात. जोड घासून स्वच्छ करायचा, त्यावर लाल रंगाचा पातळ द्रव फवारायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, मग फडक्याने पुसून वर पांढरं डेव्हलपर फवारायचं. क्रॅक असेल तर आत शिरलेला लाल रंग वर येतो आणि पांढऱ्यावर केसाएवढी रेघ उमटते. रेघ दिसली की ती पुरती नाहीशी होईपर्यंत ग्राइंडर मारायचा, पुन्हा वेल्ड करायचं, पुन्हा डीपी. एका जोडात अर्धा दिवस सहज जातो. रोलर कोस्टरमध्ये जोड किती असतात याचा अंदाज तुम्हीच करा. रोजची डागडुजी रात्री पार्क रिकामं झाल्यावर चालतेच, पण कधीतरी ठिगळांचा खर्च नव्या रुळापेक्षा जड होतो. अनाहाइमला त्यांनी शेवटी अख्खा ट्रॅक काढून नवा घातला.

इथे खरी गोची सुरू होते. ट्रॅक नवा, पण इमारत जुनी आणि मार्गही जुनाच: तीच वळणं, तेच उतार. ऐकायला सोपं वाटतं. चाळीतल्या खोलीत सुताराने आतच जोडलेलं कपाट आठवा. दारातून काढायचं तर मोडूनच काढावं लागतं आणि नवंही आतच जोडावं लागतं. उघड्या मैदानावरच्या राइडला क्रेन लावून मोठेमोठे तुकडे उचलता येतात. इथे वर छप्पर, मध्ये खांब आणि त्यांच्यातून एकमेकांवरून गेलेले रूळ. त्यात ही इमारत जमिनीत बरीच खाली उतरवलेली आहे, कारण पार्कमधला किल्ला जेमतेम ७७ फुटांचा आणि तिच्यामुळे तो खुजा दिसू नये अशी इच्छा. दिसण्यासाठी केलेली अशी प्रत्येक हौस पुढे देखभालीवाल्यांच्या बोकांडी बसते.

बरं, गाड्याही नव्या आल्या. सीट चार बोटं उंच झाली तरी सगळा मार्ग पुन्हा मोजावा लागतो, कारण अंधारात माणूस हात वर करणारच आणि वरची तुळई त्याला दिसणार नाही. माणसाच्या हाताची पोच दाखवणारी चौकट गाडीला लावून ती सगळ्या मार्गावरून सावकाश फिरवतात. कुठे घासली की थांबा.

मग चाचण्या. चढ संपला की पुढे गाडी ओढायला काही नसतं, ती आपल्या वजनावर धावते. रूळ आणि चाकं नवी म्हणजे वेगाचं गणित नवं, आणि सकाळी गार असलेली चाकं दुपारी तापली की ते पुन्हा बदलतं. एका टप्प्यात एकच गाडी, पुढची निघाली नसेल तर मागचीला आपोआप ब्रेक, हे रेल्वेच्या ब्लॉक सिग्नलचंच तत्त्व. ते चुकणार नाही याची खात्री होईपर्यंत माणसांऐवजी वजनं भरलेल्या गाड्या फिरवत राहायच्या.

एवढी काळजी कशाला, तर अनाहाइमची ही राइड बंद असतानाच, ५ सप्टेंबर २००३ ला, त्याच पार्कमधल्या 'बिग थंडर माउंटन' या दुसऱ्या रोलर कोस्टरवर अपघात होऊन २२ वर्षांचा तरुण गेला. चौकशीत निघालं काय, तर देखभालीच्या वेळी चाकांच्या जोडणीचे बोल्ट नीट कसले नव्हते.

झटपट उरकलेलं कामही आहे. फ्लोरिडातली स्पेस माउंटन १९७५ ची, म्हणजे या सगळ्यांत जुनी. २००९ मध्ये ती एप्रिल ते नोव्हेंबर बंद होती. सात महिन्यांत भागलं, कारण ट्रॅक मूळचाच ठेवला. तिथे बसून आलेले अनेक जण अजूनही धक्क्यांच्या नावाने बोटं मोडतात.

पैसे वाचवायला मुद्दाम लांबवतात का, हा तुमचा संशय अगदीच निराधार म्हणणार नाही. तिकीट दाराशीच घेतात, राइडगणिक नाही. एक बंद असली तरी गल्ल्यावर लगेच परिणाम होत नाही. तिकिटाचा दरही तेवढ्यासाठी उतरत नाही, त्याचा राग रास्तच आहे. पण अनाहाइमच्या डिस्नीलँडला १७ जुलै २००५ ला पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि राइड उघडली त्याच्या दोन दिवस आधी. ती तारीख कुणालाच चुकवायची नव्हती, तरी सव्वादोन वर्षं लागलीच.

तुमच्या सहलीचं म्हणाल तर स्पेस माउंटनसाठी टोकियो पुढे ढकलू नका. तिथेही बिग थंडर आहे, स्प्लॅश माउंटन ही पाण्यातली राइड आहे. फक्त तारखा ठरवण्याआधी पार्कच्या वेबसाइटवर बंद राइडची यादी बघा, ती आधीच जाहीर होते. आणि धाकट्याची उंची मोजून घ्या: १०२ सेंटिमीटरच्या खाली असेल तर बिग थंडरला घेत नाहीत.