काउंटरगँबिटला ‘प्रतिबलिदान’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: बुद्धिबळात काळ्या मोहऱ्यांनी ‘अल्बिन काउंटरगँबिट’ ही सुरुवात खेळणाऱ्या एका वाचकाला मराठीत काउंटरगँबिटसाठी, म्हणजे समोरच्याच्या गँबिटला उलट गँबिटने दिलेल्या उत्तरासाठी, ‘प्रतिबलिदान’ हा शब्द दिसला. तो योग्य आहे का?

माझ्या मते नाही. बलिदान डावात केव्हाही होतं, अगदी वजिराचंसुद्धा. गँबिट मात्र सुरुवातीलाच होतो आणि त्यात बहुधा एखादं प्यादंच पुढे केलेलं असतं. शिवाय ‘बलिदाना’त त्यागाची छटा येते, गँबिटमध्ये आहे ती पाडण्याची. मूळ इटालियन ‘गांबेत्तो’ म्हणजे कुस्तीत पायात पाय घालून पाडणं. ‘गांबा’ म्हणजे पाय. स्पेनच्या रुय लोपेझने 1561 मध्ये हा शब्द बुद्धिबळात आणला. आपल्या आखाड्यातली टांग ती हीच!

आता अल्बिन पाहा. पांढरा डी४ करतो, काळा डी५, मग पांढरा सी४ करून सी-प्यादं देऊ करतो. काळा ते घेत नाही, उलट ई५ करून स्वतःचंच प्यादं पुढे सरकवतो. पांढऱ्याने ते मारलं की काळ्याचं डी-प्यादं डी४ वर घुसतं. तिथे पांढऱ्याने सहज म्हणून ई३ केलं, की जगज्जेत्या लास्करच्या नावाने ओळखला जाणारा सापळा उघडतो. काळ्याच्या उंटाचा शह, पांढऱ्याचा उंट आडवा, मग काळं प्यादं ई३ वर मारतं. पांढऱ्याने हावरेपणाने शह देणारा उंट मारला, की काळं प्यादं एफ२ वर शह देतं. राजा ई२ वर सरकतो आणि प्यादं जी१ वरचा घोडा मारून शेवटच्या घरात पोचतं. तिथे वजीर करायचा नाही, घोडा करायचा! वजीर केला तर शह बसत नाही आणि पांढरा आपल्या वजिराने काळ्याचा वजीर शहासकट मारतो. घोड्याचा मात्र शह बसतो. हत्तीने तो मारलाच, तर उंट जी४ वर येतो आणि राजामागचा वजीर जातो. सातव्याच खेळीत प्याद्याचा घोडा होतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

मग शब्द कोणता? शहाला उलट शह म्हणजे ‘काटशह’, हा शब्द पटावरूनच आपल्या बोलण्यात आला. त्याच धर्तीवर मी ‘काटगँबिट’ सुचवेन. देशी ‘काट’ला फारसी ‘शह’ जोडताना कुणी अडलं नाही, मग ‘गँबिट’पाशी अडायचं कारण नाही. नुसतं ‘काटशह’ मात्र लिहू नये. ई५ या खेळीत शह नाहीच, आणि खेळणारा वाचक तिथेच बुचकळ्यात पडेल.