बदलीला फादर ‘नाही’ म्हणू शकतात का?

प्रश्न असा आहे: कॅथलिक धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या हद्दीतील भाविक समाजाच्या) प्रमुख फादरांना बिशपांचे बदलीचे पत्र आले, त्यांची जायची तयारी नाही. दीक्षेच्या वेळी आज्ञापालनाचे वचन दिलेले असताना त्यांना नकार देता येतो का?

येतो. पण तो कसा आणि किती दिवसांत दिला, यावर पुढचे सगळे ठरते.

पहिल्यांदा नेमणुकीचे पत्र काढून बघा. तीन गोष्टी तपासायच्या. फादर संघस्थ (येशूसंघीय, सालेशियन वगैरे धर्मसंघांचे सदस्य) असतील, तर कॅनन 682 (कॅनन म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातले कलम) नुसार बिशप किंवा त्यांचे संघाचे वरिष्ठ, कोणीही त्यांना हलवू शकतो. दुसऱ्याला कळवावे लागते, संमती लागत नाही. ते सहायक फादर असतील, तर रास्त कारण पुरते. आणि नेमणूक ठरावीक मुदतीची असून ती संपली असेल, तर बिशपांनी तसे लेखी कळवले की पद संपते. या तिन्हींत खाली दिलेली बदलीची प्रक्रिया लागू होत नाही. बरीच भांडणे हे न बघता सुरू होतात.

मुदत नसलेल्या धर्मप्रांतीय (संघात नसलेल्या, थेट बिशपांच्या हाताखालच्या) प्रमुख फादरांची गोष्ट वेगळी. पद स्थिर असावे हे कायद्याचेच म्हणणे आहे (कॅनन 522). बदली करायची तर बिशपांनी आधी ती लेखी सुचवायची आणि मन वळवायचे. फादरांना जायचे नसेल तर त्यांनी कारणे लेखी द्यायची. ‘बिशपांना तोंडी सांगितले होते’ याला इथे किंमत नाही. मग बिशप धर्मप्रांतातील धर्मगुरूंच्या सल्लागार मंडळाने निवडलेल्या गटातील दोन प्रमुख फादरांबरोबर ती कारणे तपासतात आणि पुन्हा एकदा समजावतात. इतके होऊनही बिशप आणि फादर दोघेही ठाम राहिले, तर बदलीचा हुकूम निघतो. अमुक मुदतीनंतर धर्मग्राम रिकामे मानले जाईल, असे त्यात असते (कॅनन 1748 ते 1751). दोन फादरांचा सल्ला घेतलाच नाही, तर ती त्रुटी पुढे बिशपांच्या वरिष्ठांसमोर सगळ्यांत आधी दाखवावी.

पदावरून काढणे ही याहून वेगळी वाट. तिथे कॅनन 1741 मधल्यासारखे गंभीर कारण लागते: वागण्याने चर्चच्या ऐक्याला मोठी हानी, कायमचे आजारपण, कर्तव्याकडे गंभीर दुर्लक्ष, मालमत्तेचा गैरकारभार. काढण्याचे कारण असताना नुसतीच ‘बदली’ लिहिली, तर फादरांना स्वतःवरच्या आक्षेपाला उत्तर देण्याची संधीच मिळत नाही. हे माझ्या मते सर्वांत मोठे दुखणे आहे.

हुकूम हातात पडला की घड्याळ सुरू होते. 10 उपयुक्त दिवसांत बिशपांकडेच तो मागे घेण्याची किंवा बदलण्याची लेखी विनंती करावी लागते. ‘उपयुक्त’ म्हणजे हुकूम माहीत नसल्याने किंवा काही करणेच शक्य नसल्याने गेलेले दिवस धरले जात नाहीत. उत्तर आले नाही तर 30 दिवस थांबायचे. नकार आला किंवा ते 30 दिवस संपले की पुढच्या 15 उपयुक्त दिवसांत वरिष्ठांकडे दाद. भारतातील लॅटिन (रोमन विधी पाळणाऱ्या) धर्मप्रांतांसाठी ती व्हॅटिकनच्या सुवार्ताप्रसार खात्याकडे जाते. अर्ज बिशपांच्याच हाती दिला तरी चालतो, त्यांना तो लगेच पुढे पाठवावा लागतो. पहिली पायरी वगळून थेट रोमला पत्र लिहिणारे बहुतेक वेळा तिथेच अडकतात. सिरो-मलबार (केरळातल्या पौर्वात्य कॅथलिक परंपरेच्या) फादरांनी मात्र त्यांचा वेगळा कायदा, 1990ची पौर्वात्य संहिता, उघडावी.

दाद मागितली म्हणून धर्मगुरू-निवास अडवून बसता येत नाही. चाव्या, दफ्तर सोपवायचे. फक्त आजारी फादरांना गरज असेपर्यंत निवास वापरू देतात. उलट बाजूने, दाद प्रलंबित असताना बिशप नवे प्रमुख फादर नेमू शकत नाहीत, तात्पुरता प्रशासक नेमतात.

कायदेशीर हुकूम सरळ धुडकावला तर? 2021 पासून लागू असलेल्या सुधारित कॅनन 1371 प्रमाणे निर्बंध (संस्कारविधींपासून दूर ठेवण्यासारखे) किंवा पद काढून घेणे अशी शिक्षा आहे. पण आधी ताकीद आणि सुधारायला वेळ द्यावा लागतो. ‘कायदेशीर’ या शब्दावर बोट ठेवा. पापनिवेदनात (कन्फेशनमध्ये) ऐकलेले सांगा, असे बिशपच काय, कोणीही फर्मावू शकत नाही. संघातल्या वरिष्ठालाही आपल्या माणसाला मनातले उघड करायला भाग पाडण्याची मनाई आहे, आणि त्याचा हुकूम संघाच्या घटनेच्या चौकटीतच चालतो.

धर्मग्रामवासीयांनी मोर्चे काढून हुकूम फिरत नाही. आपले मत बिशपांना कळवण्याचा हक्क कॅनन 212 देते. तेव्हा सह्यांचे निवेदन द्या, पण फादरांच्या 10 दिवसांच्या अर्जाशी त्याची गल्लत करू नका. तो अर्ज त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या वकिलानेच करायचा असतो.