बाकी 64 किलोमीटर

फेब्रुवारी लागला की एक वाक्य माझ्याकडे नेमानं येतं. "मॅडम, माझ्यात जिद्दच नाही." जानेवारीत नवे बूट घेऊन झालेले असतात, नागपुरात फुटाळा तलावावर चार दिवस धावून ग्रुपवर फोटो टाकलेले असतात. मग एखादं लग्न, एखादी सर्दी, ऑफिसचं मार्च एंडिंग, आणि बूट चपलांच्या स्टँडवर मागे मागे सरकतात. धावण्याच्या आडून लोकांना खरं तर विचारायचं असतं, 'मी असाच का?' समुपदेशनाच्या बावीस वर्षांत हाच प्रश्न मी वजन, सिगरेट, पोरांचा अभ्यास, इंग्रजी बोलणं अशा नाना वेषांत ऐकलाय.

मागच्या वर्षी आलेल्या एका गृहस्थांचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. त्यांना ऑफिसात सगळे भाऊ म्हणतात, आपणही भाऊच म्हणू. वय 42, सहकारी बँकेच्या वसुली विभागात नोकरी. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट 6.1 आला. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. डॉक्टरांनी तपासून व्यायामाला हरकत नाही म्हटलं आणि भाऊंनी 1 जानेवारीपासून रोज 3 किलोमीटर धावायचं ठरवलं, तेही सेमिनरी हिल्सच्या चढावर, कारण मेहुणा तिथंच धावतो.

सुरुवातीला मीही नेहमीचंच सांगितलं. बूट रात्री दाराशी ठेवा, अलार्म पलंगापासून लांब ठेवा. काडीचा उपयोग झाला नाही. दर आठवड्याला भाऊ यायचे आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणायचे, "सॉरी मॅडम, याही आठवड्यात जाणं होऊन नाही राहिलं."

तिसऱ्या वेळी तो 'सॉरी' मला टोचला. धावायचं त्यांना, साखर त्यांची, मग माफी माझी का? मी काही बोलायच्या आतच त्यांनी पिशवीतून डायरी काढली. जाडजूड, बँकेकडून मिळालेली. आत पट्टीनं आखलेले रकाने होते: तारीख, ठरलेले, झालेले, बाकी. एक दिवस चुकला की 3 किलोमीटर पुढच्या पानावर ओढलेले. 20 फेब्रुवारीच्या ओळीत लाल शाईनं लिहिलं होतं, 'बाकी 64'.

"झालेल्याची बेरीज कुठंय?"

"ती नाही केली."

करायला लावली. 89 निघाले. मी खुशीत म्हटलं, "भाऊ, इथून वर्धा पार झालं की हो!"

"पण बाकी तर राहिलीच ना मॅडम."

कौतुकाचा उपाय तिथंच संपला. मग मी त्यांच्याच भाषेत शिरले. तुमच्या बँकेत 90 दिवस हप्ता आला नाही की खातं एनपीए, म्हणजे बुडीतच्या वाटेवरचं, होतं, वसूल होत नसेल तर शेवटी राइट-ऑफ करता, तसं हे 64 करून टाका. स्वतःच्या या उपमेवर मी जरा खूशच होते. भाऊंनी मान हलवली.

"राइट-ऑफ म्हणजे माफी नसते मॅडम. ते फक्त आमच्या पुस्तकात. कर्जदाराच्या मागची वसुली चालूच राहते."

मला हसू आलं. खरंच होतं ते. आणि त्यातूनच पुढचा प्रश्न सुचला, जो मी आधी ठरवला नव्हता.

"बरं, हे कर्ज दिलं कोणी? सावकार कोण?"

भाऊ गप्प झाले. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. मी घाई केली नाही. अशा वेळी बोलायचं नसतं एवढं तरी मी शिकलेय. त्यांनी डायरी बंद केली, परत उघडली. लाल आकड्यावर अंगठा फिरवत राहिले.

"सावकार... कोणीच नाही. मीच लोकांच्या दारात जातो तसा रोज सकाळी स्वतःच्या दारात उभा राहतो." जरा थांबून म्हणाले, "मग मी पांघरूण घेऊन झोपून राहतो. आमचे कर्जदारही असेच करतात. घरात असून दार उघडत नाहीत."

इतक्या वर्षांत आळसाची याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही. त्या संध्याकाळी मला हेही कळलं की बूट नि अलार्म सुचवून मीसुद्धा वसुलीच्याच बाजूला जाऊन बसले होते. म्हणून तो 'सॉरी'.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाच्या वाटेनं काम करणारी. कृतीला मार्क द्यावेत, माणसाला देऊ नयेत, हे तो सांगत राहिला. 'आज धावलो नाही' हे खरं आहे. 'म्हणून मी कुचकामी' हे आपण पदरचं जोडतो, आणि थकवा त्या जोडलेल्या भागाचा असतो. 'धावलं तर बरं' असं म्हणणारा चुकला तर परवा परत जातो. 'धावलंच पाहिजे' म्हणणारा चुकला की लपतो.

एकवीस दिवसांत सवय लागते, हेही डोक्यातून काढा. 1960 साली एका अमेरिकन प्लास्टिक सर्जननं लिहिलं होतं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान 21 दिवस लागतात. त्यातला 'किमान' वाटेत गळला, आणि चेहराही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयी तपासल्या, तेव्हा सरासरी 66 दिवस निघाले. कुणाला 18, कुणाला 254 पर्यंतचा अंदाज. आणि मधे एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. हे वाक्य मी भाऊंना दोनदा वाचून दाखवलं.

मग आम्ही किलोमीटर सोडले आणि मिनिटं धरली. एक दिवसाआड 20 मिनिटं, सेमिनरी हिल्स नाही, फुटाळ्याचा सपाट रस्ता. 1 मिनिट धावायचं, 2 मिनिटं चालायचं. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटले की वेग जास्त झाला. नवशिक्यांचं हमखास इथंच चुकतं. पहिल्याच दिवशी मेहुण्याच्या वेगानं पळतात, पोटऱ्या धरतात आणि दोष जिद्दीला देतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्यात भरभर चालणंही धरलेलं आहे. तिथपर्यंत हळूहळू जायचं. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबून डॉक्टर गाठायचा. तिथं समुपदेशक कामाचा नाही. आणि नागपुरात राहून एप्रिल-मेमध्ये सात वाजता धावायला निघणं याला मी चिकाटी म्हणत नाही. नवतपात, मेअखेरच्या त्या होरपळीच्या नऊ दिवसांत, तर पहाटेसुद्धा भिंती तापलेल्या असतात. तेव्हा घरातल्या घरात जिना चढा, नाहीतर सरळ सुटी घ्या.

डायरीला नवा रकाना आला, 'कसं वाटलं'. त्यात भाऊंची पहिली नोंद होती: 'पाण्यावर धुकं. बरं वाटलं. पोटरी दुखते.'

जूनच्या शेवटी सकाळी आठला त्यांचा फोन आला. मागे झाऱ्याचा खणखणाट ऐकू येत होता.

"मॅडम, बारा दिवस गेलो नव्हतो. पोरीची ॲडमिशन होती. आज गेलो, वीस मिनिटं. आता तर्री पोहे खाऊन राहिलोय."

"तर्री किती?"

"कमी सांगितली. त्यानं ऐकलं नाही."

फोन ठेवता ठेवता त्यांना आठवलं की मागच्या भेटीची माझी फी राहिलीय. दुपारी पाठवतो म्हणाले. पाठवली. ती बाकी काही मी माफ करणार नव्हते.