आर्काइव्ह ॲट्रिब्यूटवर रोजचा बॅकअप सोपवावा का?

टोटल कमांडर या फायली हाताळण्याच्या प्रोग्रॅममध्ये आर्काइव्ह ॲट्रिब्यूट, म्हणजे नव्या किंवा बदललेल्या फाइलवर लागणारी ‘ए’ ही खूण, पाहून फक्त बदललेल्या फायलींचा बॅकअप घेता येईल का आणि त्यावर विसंबावे का, असे आपण विचारले आहे. घेता येतो. विसंबायचे असेल, तर ती खूण पुसण्याचा अधिकार एकाच बॅकअपला द्यावा.

नारायण पेठेत आमचे अक्षरजुळणीचे दुकान होते आणि माझा मामेभाऊ त्यात भागीदार होता. फाइल नवी झाली किंवा बदलली की विंडोज तिच्यावर ‘ए’ची खूण लावते, एवढ्याच आधारावर मी रोज संध्याकाळी ‘एक्सकॉपी’ ही फायली कॉपी करण्याची विंडोजची आज्ञा ‘एम’ स्विचसह, म्हणजे आज्ञेपुढे लिहायच्या ‘एम’ या पर्यायासह, चालवत असे. खूण असलेल्या फायली बाहेरच्या डिस्कवर जात आणि मूळ फायलींवरची खूण पुसली जाई. एका दिवाळी अंकाची पाने चालू असताना मामेभावाने घरी काम नेण्यासाठी दुपारी चार वाजता तीच आज्ञा पेन ड्राइव्हकडे वळवून चालवायला सुरुवात केली. संध्याकाळी माझ्या पडद्यावर ‘शून्य फायली कॉपी’ असे येई आणि दुपारनंतर पानांना कोणी हात लावलेला नाही, असे मी धरून चालत असे. आठव्या दिवशी संगणकाची डिस्क बंद पडली. बाहेरच्या डिस्कवर आठवड्यापूर्वीची पाने होती, आणि पेन ड्राइव्ह तो रोज रिकामा करत असल्यामुळे त्यावर फक्त आदल्या दिवशीची होती. मधली सगळी पाने आम्ही लाल शाईने तपासलेल्या मुद्रितांवरून पुन्हा जुळवली. टाचणीने जोडलेले ते गठ्ठे रद्दीत गेले नव्हते, म्हणूनच अंक वेळेवर निघाला.

‘ही खूणच फसवी, तारीख पाहूनच बॅकअप घ्यावा’, असे मामेभाऊ आजही म्हणतो. मला ते साफ अमान्य आहे. खुणेने आपले काम चोख केले होते. एकच खूण दोघांनी पुसली, हा दोष वापरणाऱ्यांचा होता. त्याने ‘एम’ऐवजी ‘ए’ स्विच वापरला असता, तर त्याच फायली कॉपी होऊन खूण जागेवर राहिली असती आणि संध्याकाळचा बॅकअप पूर्ण झाला असता. शिवाय जुन्या तारखेची फाइल दुसरीकडून आणून ठेवली, तर तारखेची चाळणी तिला सोडून देते. तिच्यावर ‘ए’ मात्र सहसा असतो.

टोटल कमांडरच्या यादीत ॲट्रिब्यूटच्या रकान्यात ‘ए’ दिसतो आणि ऑल्ट व एफ सात दाबून उघडणाऱ्या शोधात प्रगत पर्यायांखाली त्यावर चाळणीही लावता येते. नुसत्या एफ पाचने कॉपी केल्यास मूळ फाइलवरची खूण पुसली जात नाही. ती फाइल्स मेनूतील ॲट्रिब्यूट बदलण्याच्या खिडकीतून काढावी लागते, आणि तीही कॉपी उघडून पाहिल्यानंतरच. रोजच्या कामाला मी ‘एक्सकॉपी’च सुचवीन, कारण ‘एस’ स्विच दिला की रिकामे फोल्डर सोडून फोल्डरांची रचना जशीच्या तशी राहते.

दोन गोष्टी मात्र या खुणेला कळत नाहीत. पुसून टाकलेल्या फाइलची नोंद तिच्यात राहत नाही, आणि फोल्डरचे नाव बदलले तरी आतल्या फायलींवर ‘ए’ लागत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, खूण न पाहता, सगळ्या फायलींची पूर्ण प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. मी ती रविवारी घेतो.