हात आधी बसव, गंमत मग

अरे बाळा,

सोसायटीच्या गणपतीत तुझ्या बाहीतून पत्ता पडला, सगळा हॉल हसला आणि रात्री लगेच तुझा मेसेज, की काका, आता प्रॅक्टिस बंद, मी कॉमेडी मॅजिकच करणार, लोकांना तेच आवडतं.

कर की कॉमेडी, कोण नको म्हणतंय. पण आधी हात बसव.

कार्ल बॅलंटाइन माहितीये का तुला? अमेरिकेतला कॉमेडी जादूगार, शिकागोचा, जन्म १९१७ चा, खरं नाव मेयर केसलर. लहानपणी केस कापता कापता न्हाव्याने जादू दाखवली आणि पोरगं वेडं झालं. कॉमेडी नंतरची रे, आधी तो चांगला सरळ, गंभीर जादू करायचा, मग एकदा ट्रिक फसली, त्याने बडबड करून वेळ मारून नेली, लोक हसले, आणि त्याने हळूहळू अख्खा ॲक्टच तसा बांधला. टेलकोट, टाय, थाट मोठ्या जादूगाराचा आणि एक ट्रिक धड होणार नाही! १९५६ मध्ये लास वेगासला एल रँचो हॉटेलात गायक सॅमी डेव्हिस ज्युनियर, ट्रम्पेटवाला हॅरी जेम्स असल्या बड्या लोकांबरोबर स्टेजवर होता.

तुझा पत्ता पडला तेव्हा तू खाली बघितलंस, कान लाल झाले, घाईघाईत वाकलास. लोक तुला हसले, ट्रिकला नाही. मुद्दाम पाडायचा असेल तर लोकांची नजर दुसऱ्या हातावर असताना सोडायचा, आणि तू मात्र क्षणभर तसाच रुबाबात उभा, जणू काही झालंच नाही. हे बोटांना कळायला हात बसलेला लागतो. इंग्लंडचा कॉमेडी जादूगार टॉमी कूपर सगळा गोंधळ घालता घालता मधेच एखादी ट्रिक अशी साफ करायचा की बघत राहावं, लंडनच्या मॅजिक सर्कलचा, म्हणजे जादूगारांच्या नावाजलेल्या संस्थेचा मेंबर होता तो. हात बसव रे!

मला म्हणतात तुम्ही जुनाट. बर्थडेवाले हल्ली हसवणारा शोधतात. मीही वेळेवर तिकडे वळायला हवं होतं असं वाटतं कधी कधी, ती खंत आहेच. पण कप अँड बॉल, म्हणजे पेल्यांखालून चेंडू गायब करायची जुनी ट्रिक करताना पहिल्या रांगेतला माणूस खुर्चीत पुढे सरकतो ना, तो मी कमावलाय, आणि त्यासाठी कमी पैसे मिळाले तर मिळाले, मला चालतं.

रविवारी सकाळी ये. डबल लिफ्ट, म्हणजे दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलणं, करून दाखव, माझ्याशी गप्पा मारत, हाताकडे न बघता. जमलं तर पत्ता कसा पाडायचा तेही शिकवतो.