अंजिराच्या झाडासाठी माश्या कुठून आणू?

प्रश्न : परसातल्या अंजिराची फळं सुपारीएवढी झाली की पिवळी पडून गळतात. परागीभवन करणाऱ्या गांधीलमाश्या विकत मिळतात का?

उत्तर : माश्यांच्या मागे लागण्याआधी झाडाची जात शोधा. घरोघरी लावलेली बहुतेक अंजिरं परागीभवनाशिवायच पिकतात. त्यांची फळं गळतात ती बहुधा पाण्याच्या ओढाताणीने, किंवा झाड अजून लहान असतं म्हणून. कुंडीतल्या झाडाला हे फार जाणवतं. आधी महिनाभर पाणी नेमाने द्या आणि नत्रखत थांबवा.

झाड स्मर्ना गटातलं असेल, तर मात्र माशीवाचून मुख्य बहर टिकणारच नाही. जेमतेम 2 मिलिमीटरची ही माशी उंबरातल्या केंबरांची जातभाई. ती नर अंजिराच्या, म्हणजे कॅप्रीफिगच्या फळात वाढते. अंगावर पराग घेऊन मादी बाहेर पडते आणि दुसऱ्या फळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून आत घुसते. वाट इतकी अरुंद, की पंख तिथेच तुटतात. बाहेर तिचं आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं, म्हणून नुसत्या माश्या आणून सोडण्यात अर्थ नाही. पिकत आलेली कॅप्रीफिगची फळं जाळीच्या पिशवीत घालून झाडाला टांगायची, हीच खरी जुनी रीत. कॅलिफोर्नियातही 1899 मध्ये ही माशी रुजली ती आधी कॅप्रीफिगची झाडं होती म्हणूनच.

मात्र परदेशातून किंवा परप्रांतातून अशी फळं परवानगीशिवाय कधीही आणू नका, त्यांच्यासोबत रोगही येतात. त्यापेक्षा माशीवाचून पिकणाऱ्या जातीचं कलम लावा. परसासाठी मी तेच सुचवेन.